दुर्बिणीने दाखवलेला चंद्र

मी दुर्बीण बोलतेय. पितळेची, तीन पायांवर उभी, दूर उत्तरेत, नदीकाठच्या ब्रह्मा घाटाजवळ राहणाऱ्या नीलकंठ पंचांगकर्त्याच्या गच्चीवर. नाव मोठं आणि लक्षण खोटं, ही म्हण लोकांनी बहुधा मला बघूनच केली असावी.

मला नीलकंठच्या वडिलांनी, यज्ञेश्वरशास्त्रींनी, ग्रह बघायला आणलं. त्यांना शनीची कडी दिसली आणि मी त्यावर वर्षभर मिरवले. मग शरदिनी सून म्हणून घरात आली. पहिल्याच दिवाळीला तिने घरातलं सगळं पितळ चिंच आणि राखेने घासलं. त्यात मीही. डोळा लावायच्या काचेवर तर तिने जास्तच जोर लावला. मला वाटलं, काय माझे लाड चाललेत! त्या काचेवर तेव्हापासून एक बारीक, वाकडा ओरखडा आहे. शास्त्रीबुवा त्याच वर्षी गेले, पुढे नीलकंठचं गणितही संगणकावर गेलं आणि मला कुणी डोळाच लावला नाही. चाळीस वर्षं माझ्यावर ओले पंचे वाळतात.

यंदा गुढीपाडवा आणि रमजानचा एकोणतिसावा रोजा एकाच दिवशी आले. सूर्य मावळताना नीलकंठ गुढी उतरवत होता. तेवढ्यात त्याचे जुने स्नेही, साड्या विणणारे मतीनभाई, मुलीला घेऊन वर आले. गल्लीत एवढी उंच गच्ची दुसरी नाही.

"पंडितजी, आज चाँद होगा?"

"मुश्किल है, मतीनभाई. अमावस्या आज सबेरे ही छूटी है."

"मगर आपका तो साल भी लग गया!"

"हमारा हिसाब से लगता है. आपके यहाँ आँख से देखना पड़ता है."

चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा आणि ईद परवा. मुलगी सबीहा पाटण्याच्या एका इस्पितळात नर्स. उद्या संध्याकाळच्या गाडीने तिला परतावंच लागणार होतं. मागच्या तिन्ही ईद तिने वॉर्डात काढल्या होत्या. ही एक तरी घरी व्हावी म्हणून मतीनभाई कासावीस झाले होते.

खजुराने रोजा सोडून त्यांनी पश्चिमेकडे डोळे ताणले. धूळ आणि लाली, बाकी काही नाही. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. नीलकंठने पंचा काढला, त्यांनी डोळा लावला.

"दिख गया! या अल्लाह, दिख गया!"

बारीक, वाकडा, चकाकणारा. तो माझा ओरखडा होता! बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, असं म्हणायला हवं. पण खरं सांगते, बोलता आलं असतं तरी मी गप्प बसले असते. इतक्या वर्षांत माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

चंद्राची साक्ष द्यायला मतीनभाईंनी मशिदीच्या कमिटीचा नंबर काढला. नीलकंठ बिचारा आपलंच गणित चुकलं की काय म्हणून कपाळ चोळत बसला. तेवढ्यात सबीहाने डोळा लावला. बराच वेळ बघितलं, मग डोळ्याजवळची नळी हळूच फिरवली.

"अब्बा, फोन रखिए. चाँद घूम रहा है."

"ठीक से देख, बेटा."

"ठीक से ही देख रही हूँ. शीशे पे खरोंच है."

मतीनभाईंनी स्वतः नळी फिरवली. एकदा, दोनदा. मग फोन खिशात ठेवला.

"फिर तेरी ईद?"

"ड्यूटी पे. जैसे हर साल."

फराळाचं ताट घेऊन वर आलेली शरदिनी पुटपुटली, "अगं बाई, ती राख माझीच गं!" कुणालाही हसू आलं नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या संध्याकाळी चंद्र इतका ठळक दिसला की आंधळ्यानेही साक्ष द्यावी. गच्च्यागच्च्यांवरून "मुबारक, मुबारक" चाललं होतं. मतीनभाई एकटेच आले.

"पंडितजी, इसे ज़रा पुल की तरफ़ घुमा दीजिए."

ईदच्या चंद्राकडे पाठ करून त्यांनी डोळा लावला. राजघाटच्या पुलावरून पाटण्याची गाडी चालली होती. मध्येच एका दारातून मोबाइलचा दिवा हलला. मतीनभाईंनी हात हलवला. एवढ्या लांबून सबीहाला तो दिसणार नव्हता, तरी पूल रिकामा होईपर्यंत ते हलवत राहिले.

नीलकंठ आता नवी काच आणायचं म्हणतो. आणेल तेव्हा आणेल. तोवर तीन पाय जोडून सांगते, माझ्या भरवशावर कुणी ईद करू नका. कुणाची गाडी बघायची असेल, तर मात्र खुशाल या.