रीइंडेक्स शनिवारी करू

आमच्या महाप्याच्या ऑफिसात न सापडलेली तक्रार म्हणजे न केलेली तक्रार. हा कायदा प्रीतम सरांचा.

तुर्भ्याच्या एका शीतगृहाला आम्ही तापमानाच्या अलार्मचं सॉफ्टवेअर दिलंय. त्या रविवारी तिथली वीज गेली, अलार्म वाजलाच नाही आणि दोन ट्रक कोळंबी सडली. अलार्म तपासायचं काम निकेशचं, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर फुटलं.

निकेश शिरवण्याचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. कधी आवाज चढवायचा नाही. सोमवारी चढवला. "सर, अलार्म कदी कदी वाजत नाय, अशी मी कंप्लेंट टाकलेली हाय. तीन आठवडं झालं. तुमच्याच नावावर टाकलीय."

सरांनी सगळ्यांसमोर शोधलं. शून्य.

"नंबर सांग."

"नंबर कोन पाठ करतंय, सर?"

मला कारण ठाऊक होतं. तक्रारी नोंदवायचं ते सॉफ्टवेअर मीच सांभाळते. पुस्तकाच्या शेवटी असते तशी त्यालाही सूची असते. आमची सूची महिन्यापूर्वी सर्व्हर बदलताना बिघडली होती. तक्रारी जागच्या जागी, फक्त शोधल्या तर मिळत नव्हत्या. सूची नव्याने बांधायची, म्हणजे रीइंडेक्स करायचं, तर एक बटण दाबायचं आणि चार तास सगळं बंद ठेवायचं.

हे सगळ्यांसमोर बोलायची माझी छाती झाली नाही. केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"शनिवारी कर," सर म्हणाले. "आठवडाभर क्लायंट बघतायत."

"पण सर, निकेशबद्दलचा निर्णय शुक्रवारी..."

"मनाली, तुझं अप्रेजल पुढच्याच महिन्यात ना?"

बटण माझ्या स्क्रीनवर होतं. मंगळवारी होतं, बुधवारीही होतं. जेवताना निकेश म्हणाला, "तू तरी नीट शोधून बग ना." मी "बघते" म्हणाले आणि त्याच्याच डब्यातलं सुकट खाल्लं. शुक्रवारी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर धरायला मी! सरांची चीड आली, त्याहून जास्त माझी.

शनिवारी सकाळी बटण दाबलं. दुपारी पहिल्याच शोधात तक्रार मिळाली. निकेशचं नाव, त्याने सांगितलेली तारीख. खाली त्याच दिवसाचा सरांचा शेरा: 'बघतो.'

सरांना फोन केला. "सापडली? छान," ते म्हणाले. "क्लोज करून टाक."

मी क्लोज केली. हो, तेही केलं.

मग निकेशला फोन लावला. "निकेश, सापडली रे तुझी तक्रार. सूचीच खराब होती."



"खराब हाय ते तुला कवा समजला?"

"सोमवारी," मी म्हणाले.

त्याने फोन ठेवला.