घरचं यीस्ट

“अजून मोठा आ करा, बाबा. हं, आता दिसतंय.”

म्हाताऱ्याने कवळी काढून हातात धरली. मुलीने कापसाच्या काडीने त्याच्या जिभेवरचा पांढरा थर खरवडला, काडी नळीत घातली, बूच लावलं. उभा जन्म त्याने बेकरीत पीठ फुगवण्यात घालवला होता. आता घास गिळवत नव्हता, अंगावरचं मांस उतरलं होतं. साखरेचा आजार, त्यात ही कवळी; तोंडातली बुरशी गोळ्यांना दाद देत नव्हती.

“हेसुद्धा यीस्टच,” मुलगी म्हणाली. “तुमच्या पावातल्या यीस्टचे भाऊबंद.”

“म्हणजे घरचेच उलटले म्हणायचे,” तो बोबडं बोलला.

मुलगी प्रयोगशाळेत कामाला होती. झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण या बुरशीला मारतात का, ते तपासायचं तिचं काम. काही दिवसांनी तिने त्याला तिथे नेलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

काचेच्या बशीत त्याच्याच तोंडातली बुरशी सायीसारखी पसरली होती. मधोमध त्या कणांचा थेंब टाकला होता आणि त्याच्याभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ पडलं होतं.

“इथली मेली?”

“मेली.”

“मग दे की थोडं. जिभेवर चोळतो. माझं काय जायचं आता?”

मुलीने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. “ह्या गालाच्या आतल्या पेशी. ह्या नुसत्या ठेवलेल्या.” फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी त्याने पाहिल्या. तिने काच बदलली. “आणि ह्यांना बशीतल्याइतकंच औषध दिलंय.”

या आक्रसून गोळा झाल्या होत्या, जागा सोडून सुट्या पडल्या होत्या. तो बराच वेळ डोळा लावून राहिला.

“करपल्या,” तो म्हणाला.

“हो. प्रमाण कमी करून बघतोय. पण माणसाच्या तोंडापर्यंत यायला वर्षं जातील, बाबा.”

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आल्या, बशी उजेडात धरून म्हणाल्या, “वा! वर्तुळ सुरेख आलंय.”

“बुरशी माझी आहे हो,” म्हातारा म्हणाला. “नीट सांभाळा.”

सगळे हसले. मुलगी जरा उशिरा हसली.

संध्याकाळी डॉक्टरांनी बदलून दिलेलं पिवळं औषध आलं. गिळायचं नाही, तोंडात धरून ठेवायचं. याने गुण येईलच असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. म्हातारा स्वयंपाकघरातल्या बाकावर गाल फुगवून बसला. मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“काल मी त्या कणांची पावडर डबीत भरली होती,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी. पर्समध्येही टाकली. जिन्यापर्यंत आले आणि परत जाऊन ठेवली.”

त्याला बोलता येत नव्हतं. तिने वळून पाहिलं, तेव्हा तो बाकावर सरकून तिला जागा करून देत होता.