गळलेली सोळा पानं

वर्षभरात चाळीस जुन्या रहस्यकथा वाचायच्या, अशी माझी आणि मोठ्या जाऊबाईंची पैज लागली होती. फ्रिजवरच्या तक्त्यात त्यांच्या बारा खुणा झाल्या, तेव्हा माझ्या एकतीस. त्यातली मेख एवढीच, की मी पहिलं प्रकरण वाचायचे आणि शेवटचं. खुनी कळला की झालं, मधली चौकशी कोण चघळत बसणार!

त्यांचं पुस्तक परत केलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "बांधणीत सोळा पानं गळली होती ना, ती मी वाचनालयातल्या प्रतीवरून उतरवून आत ठेवली होती. माझं अक्षर लागलं का गं?"

"लागलं की! मोत्यासारखं आहे," मी ठोकून दिलं. "त्या पानांमुळेच तर मजा आली."

दुसऱ्या दिवशी त्या घडी केलेले कागद घेऊन आल्या. आता माझी खरडपट्टी निघणार, हे मी ओळखलं.

"अगं, हे माझ्याच शिवणाच्या डब्यात राहिले होते. मी मेली अशी वेंधळी! आणि तू माझं मन राखायला खोटं बोललीस."

माझे कान तापले. त्यांनीच पेन घेऊन माझी बत्तिसावी खूण केली.