पूजेसाठी बंद केलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण भंगार म्हणाल तर मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी उमेदीची वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. आलेल्या मालाची नोंद, गेलेल्या मालाची पावती, सगळं माझ्याकडे. मी जरा अडलो की बाहेर ट्रकवाल्यांचा ओरडा सुरू होई. तेव्हा माझ्यात विकतची ऑपरेटिंग सिस्टीम होती, रीतसर घेतलेली. तिनं मला चांगलं चालवलं, उगाच नावं ठेवणार नाही. पण तिची नवी आवृत्ती आली आणि ती माझ्यासारख्या जुन्यावर चालणार नाही असं कळलं. माझे सगळे भाग धड होते, तरी मला कोपऱ्यात टाकलं. इतकी वर्षं राबलो आणि माझ्यावर रिकामी खोकी रचली! फार वाईट वाटलं.

तिथून साहेबांना विचारून उद्धवरावांनी मला पुनावळ्याला घरी आणलं. ते त्याच कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागात फिटर, मूळचे हिंगोलीकडचे. त्यांची लेक दिव्या आयटीआयमध्ये यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकत होती, तिच्यासाठी मी आलो. घरात मला चालू करायचा मान मात्र उद्धवरावांचा. मशीन म्हटली की ती त्यांची! कंपनीनं मला देताना सगळं पुसून दिलं होतं, म्हणून एका दुकानदारानं माझ्यात त्याच सिस्टीमची चोरीची प्रत घातली. तिच्याबरोबर व्हायरस आले, नको त्या जाहिरातीही आल्या. दिव्यानं एक रेघ ओढली की मला धाप लागायची.

नेमकं तेव्हाच चिंचवडच्या एका टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या कारखान्याला, शिकाऊ मुलं हवी होती. भोक पाडताना तुकडा जागेवर धरून ठेवणारं जिग असतं, त्याचं ड्रॉइंग दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. दिव्याचं जवळजवळ होत आलं आणि मी सारखा बंद पडू लागलो.

"दे भंगारात," उद्धवराव वैतागले.

"मशीन ठीक आहे, पप्पा. आतली सिस्टीम बिघडलीय. मी लिनक्स टाकते. ती कुणीही घ्यावी, आतून कशी बनवलीय ते बघावं, दुरुस्त करून दुसऱ्याला द्यावी, अशी असते."

"म्हंजे फुकटची? फुकटच्याला गॅरंटी नसती, बाई."

"आणि आत्ताची चोरीची आहे, तिला कुठली गॅरंटी?"

उद्धवराव उगाच माझी वायर तपासू लागले. दिव्याच्या आईला, इंदुताईंना मात्र हसू आवरेना.

खंडेनवमीच्या दुपारी दिव्यानं ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं आणि माझ्यात लिनक्स उतरवायला लावली. तिला वेळ लागणार, म्हणून ती आईबरोबर झेंडू आणायला गेली. तेवढ्यात कंपनीतली पूजा उरकून उद्धवराव घरी आले. त्यांच्या शॉपची रीत अशी, की खंडेनवमीला आधी मेन स्विच पाडायचा, मशीन पुसायची, मग हळदकुंकू. त्यांनी तेच केलं. माझ्या टेबलामागचा मेन खटका खाली! मला फडक्यानं लख्ख पुसलं, कुंकू लावलं, नारळ ठेवला. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता, आणि माझा इतका घातही कुणी केला नव्हता. जुनी सिस्टीम पुसली गेली होती, नवी पुरती आली नव्हती. मी कुंकू लावलेलं नुसतं खोकं होऊन बसलो.

दिव्या दारातच थबकली. "पप्पा, मेन कुणी बंद केला?"

"मी. चालत्या मशीनला हात लावतेत व्हय कुठं?"

"आत काम चालू होतं!"

"पडदा तर गपगार होता की," उद्धवराव चाचरले. पण लगेच म्हणाले, "आता पूजा झालीय. उद्या दसऱ्याला चालू करायची. त्याआधी न्हाई."

मला वाटलं, पोरगी आता रडणार. तिचे डोळे भरलेही. पण तिनं तोंड धुतलं, मोठा कागद अंथरला आणि वहीतली मापं पुन्हा तपासत अख्खं जिग पेन्सिलीनं काढलं. संगणक नसला तरी ड्रॉइंग मला येतं, असंच जणू ती मला सुनावत होती. मला तिचा अभिमान वाटला.

सकाळी उद्धवरावांनी नारळ फोडला, मेन वर केला. माझ्या बटणापाशी आलेला हात त्यांनी मागे घेतला.

"दसऱ्याला मशीन तिच्या ऑपरेटरनंच चालू करायची असती," ते म्हणाले. "दिव्या, ये. तुझी मशीन हाय ही."

तिनं बटण दाबलं आणि लिनक्स पहिल्यापासून उतरवली. या वेळी उद्धवराव स्वतः मेनपाशी खुर्ची टाकून राखणीला बसले. मी उठलो! धाप नाही, जाहिराती नाहीत. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. प्रिंटर रुसला तो बरेच दिवस, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग उघडलं तर मापांचे आकडे भलतीकडे पळालेले. पण पेन्सिलीचा कागद शेजारीच होता. त्यावरून तिनं एकेक माप जागेवर बसवलं आणि ऊन उतरायच्या आत ड्रॉइंग पाठवलं.

दिव्या आता त्या टूलरूममध्ये शिकते आहे. मी अजून तिच्या टेबलावर आहे.

मित्रांनो, विकतची सिस्टीम घ्यायची तर रीतसर घ्या, लिनक्ससारखी खुली घ्यायची तर शिकून घ्या. चोरीची घेऊन माझ्यासारख्याचा जीव काढू नका. आणि आमच्यातलं कुणी अडखळलं तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. यंदाच्या खंडेनवमीला उद्धवराव हळदकुंकवाचं ताट घेऊन आले, मेनवर हात ठेवला आणि थांबले.

"दिव्या," त्यांनी हाक मारली, "आत काही चालू न्हाई ना गं?"

तुम्हीही एवढंच विचारत जा.