रुक्मिणीबाईंसाठी मागची सीट

“लिंबू आडवं नको ठेवू. उभं ठेव, म्हणजे एका दमात फुटी जाई.”

नव्या घरी मी ऐकलेला पहिला आवाज हा. तो रुक्मिणीबाईंचा होता, अगदी हळू. त्यांनी माझ्या हँडलला पूजेचा लाल नाडा बांधला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मुलाला, हेमकांतला, चाकाखाली लिंबू ठेवायला सांगितलं. लिंबाचं आणि माझं काय वैर होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी क्रूझर मोटारसायकल आहे. क्रूझर म्हणजे बुटकी आणि लांब. माझी सीट खाली, हँडल रुंद, पाय ठेवायची जागा पुढं. माझ्यावर माणूस खुर्चीत टेकल्यासारखा बसतो. कारखान्यात मी पट्ट्यावरून पुढं सरकत होते, तेव्हा कुणी मला चाक दिलं, कुणी टाकी, कुणी दिवा. एवढं सगळं देऊन ही माणसं मला पाठवणार तरी कुठं, याचंच मला नवल वाटायचं.

पाठवलं ते तापीकाठच्या या गावात, केळी-कापसाच्या शेतांमध्ये. हेमकांत तेव्हा लोणखेड्याच्या कॉलेजात शिकत होता. मला फाटकाशी उभं केलं की पोरं जमायची. “ही गाडी शे का पलंग?” असं जो हसून विचारायचा, तोच थोड्या वेळानं म्हणायचा, “एक चक्कर मारू दे ना भो!”

मग हेमकांतचं लग्न झालं, दारात मोटार आली आणि मी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. हँडलवर फवारणीचा पंप लटकला, सीटवर ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं आलं. चिमणीनं माझ्या दिव्यामागं काड्या आणून ठेवल्या. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण ती अंडी कधी घालते ते बघण्यात माझे दिवस जात. दसऱ्याला रुक्मिणीबाई न चुकता येत, झेंडूची माळ घालत, हात जोडत. न चालणाऱ्या गाडीला नमस्कार का करतात, हेही मला कळत नसे. पण बरं वाटे.

अशाच एका हिवाळ्यात अंगणात फोन वाजला. रुक्मिणीबाईंची थोरली बहीण भिकुबाई बोलत होती. तिला मध्य प्रदेशातल्या निमाडात दिलेलं, नर्मदाकाठच्या मंडलेश्वरला. तिची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती.

“रुकी, मोबाइलमा तुन्हं तोंड दिसत नही, नुसतं धुकं दिसस. डोळा शेतस तवर एकदाव ये ना.”

“येसू, बहीण,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “शबद शे मन्हा.”

शब्द तर दिला. पण जायचं कसं? रुक्मिणीबाईंना बंद गाडी लागते. बस असो की मोटार, हद्दीवरचं खेतिया येईपर्यंत उलट्यांनी जीव अर्धा होतो. मंडलेश्वरला रेल्वे जात नाही. उघड्या वाऱ्यावर मात्र त्यांना काही होत नाही. म्हणून त्यांचे यजमान मोतीलालआप्पा शेडमध्ये आले आणि त्यांनी माझ्या हँडलवरचा पंप उतरवला.

“आप्पा, इतल्या लांब? अन मायनी कंबर?” हेमकांत म्हणाला. कापूस वेचता वेचता रुक्मिणीबाईंची कंबर एकदा धरली होती, ती कधी पुरती सुटलीच नाही.

“कंबरनाच बंदोबस्त करू,” आप्पा म्हणाले.

मला लोणखेड्याला दिलवरसिंगच्या गॅरेजात नेलं. नवे टायर आले, साखळी आली, तेल बदललं. आणि मग सुरू झाली लांबच्या प्रवासाची तयारी. मित्रांनो, माझी उभी हयात माणसांना वाहण्यात गेली, पण माणूस कुठंकुठं दुखतो ते मला तेव्हा कळलं!

हँडलपर्यंत पोचताना आप्पांचे हात ताठ होत आणि खांदे भरून येत. दिलवरसिंगनं हँडलखाली लोखंडी ठोकळे बसवले, ते वर आणि मागं घेतलं, कोपर जरा वाकलेलं राहील इतकं. पुढं काच लावली, पण तिची कड आप्पांच्या नाकापर्यंतच. वारा छातीवर येऊ नये, आणि रस्ता काचेतून नव्हे, काचेवरून दिसावा. दोघांच्या वजनासाठी मागच्या स्प्रिंगा कसल्या. दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या आल्या. जड सामान तळाला आणि दोन्हीकडं सारखं. मागं टेकायला पाठ आली, पाय लोंबकळू नयेत म्हणून रुंद पाट्या आल्या.

“काकू, एका बाजूनं बसशात तर कंबर पिळाई जाई,” दिलवरसिंग भीत भीत म्हणाला. “दोन्हीबाजू पाय टाकना पडी.”

रुक्मिणीबाई गॅरेजच्या आतल्या खोलीत गेल्या. आल्या त्या शेतात जाताना घालतात तसा कासोटा घालून. पदर खोचला आणि ऐटीत बसल्या. आप्पाच लाजून दुसरीकडं बघू लागले.

राहिली सीट. चामड्याचं कव्हर रुक्मिणीबाईंनी लांबूनच नाकारलं. चामड्याला न शिवण्याचा त्यांचा नेम आहे. रेक्झिन ठरलं. पण आत भरायचं काय?

“फोम कसाले? आपला घरना कापूस शे ना!” आप्पा म्हणाले.

सगळ्यांना पटलं. त्या घरात गादी कापसाची, उशी कापसाची, देवाची वातसुद्धा स्वतःच्या शेतातल्या कापसाची. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस पिंजून ठासून भरला. दिलवरसिंग बसून बघत म्हणाला, “आप्पा, यावर तर मीच झोपी जासू!”

चाचणीसाठी तोरणमाळचा घाट ठरला. निघालो तो दिवस सोमवार होता. सोमवारी उजाडल्यापासून संध्याकाळी देवापुढं दिवा लावेपर्यंत रुक्मिणीबाईंचं महादेवासाठी मौन असतं. हेमकांत मागून मोटार घेऊन आला.

सुरुवातीला त्या ढगावर बसल्यासारख्या बसल्या होत्या. घाटाची वळणं लागली आणि कापूस हाडांखालून दोन्ही बाजूंना सरकू लागला. त्याचे गोळे झाले आणि मधे उरला माझा पत्रा. प्रत्येक खड्ड्याचा धक्का माझ्यातून थेट त्यांच्या कमरेत जात होता. त्या कधी डावीकडं झुकत, कधी उजवीकडं. मागची पाठ घट्ट धरून ठेवत. मला सगळं कळत होतं. पण मला आवाज आहे तो हॉर्नचा, आणि त्याचं बटण दुसऱ्याच्या अंगठ्याखाली!

वर तलावाशी थांबलो. “माय, कसं वाटनं?” हेमकांतनं विचारलं. रुक्मिणीबाईंनी मंद हसून तलावाला हात जोडले.

“देखा आप्पा, काहीच तक्रार नही!”

“आज सोमवार शे रे.”

“मग दुखतं तर हात हालाईसन सांगती ना!”

दोघांचं समाधान झालं आणि आम्ही उतरलो.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, पण त्यांना पाटावरून उठता येईना. भिंत धरून उभ्या राहिल्या आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या, “भिकुबाईले फोन लावा. सांगा, मन्हाथून येवाई ऱ्हायनं नही.”

आप्पा कासावीस झाले. “अवो, वाटमा सांगनं व्हतं! नुसता हात तरी हालवती!”

“मौनमा हात हालाईसन तक्रार करी, तर ते मौन कसानं?”

आप्पांनी फोन लावला नाही. सकाळी एकटेच माझ्याकडं आले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत ते तिथं प्रथमच बसत होते. बराच वेळ हलले नाहीत. मग उतरले, सीटवर मूठ दाबून पाहिली आणि पुटपुटले, “पत्रा लागस रे देवा.”

पुन्हा दिलवरसिंग. या वेळी आप्पांनी फळीवर तापीची ओली माती थापली, वर प्लॅस्टिक घातलं आणि रुक्मिणीबाईंना त्यावर बसवलं. उठल्यावर मातीत ठसे दिसले: दोन खोल खळगे, जिथं हाडं टेकतात. त्या मापानं फोम कापला, खाली टणक, वर थोडा मऊ, मधे माकडहाडासाठी पन्हळ. मऊ म्हणजे आराम असं मीही समजत होते. पण माणसाला मऊ नको असतं, आधार हवा असतो.

गुरुवारी खेतियापर्यंत चक्कर मारली. “जरासं थांबा. आते चला. उजवा पाय मुंग्याई ऱ्हायना, उतरू द्या.” रुक्मिणीबाई वाटभर बोलत होत्या आणि आप्पा दुखायच्या आधीच थांबत होते.

“सोमवारनं साठेल आज काढी ऱ्हायनी वाटस!” आप्पा म्हणाले. मागून पाठीत एक हलकी चापट बसली.

जायचं ठरलं महिन्याअखेर. पण रविवारी दुपारी भिकुबाईंच्या मुलाचा फोन आला. इंदूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला तातडीनं बोलावलं होतं. नजर राहील की आहे तीही जाईल, हे कुणीच सांगत नव्हतं. ते मंगळवारी पहाटे निघणार होते. म्हणजे सोमवारीच पोचायला हवं.

“सोमवारले तू बोलाव नही,” आप्पा म्हणाले. “अन तुन्हं दुखणं माले समजाव नही. मी असं तुले ली जावाव नही.”

रुक्मिणीबाई नदीवरच्या महादेवाला गेल्या. वर्षानुवर्षांचं व्रत एकीकडं, बहिणीला दिलेला शब्द दुसरीकडं. परत आल्या तेव्हा चेहरा शांत होता, पण काय ठरवलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, टायरची हवा बघा. हे तर मी मागणारच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. कुणाला मागं बसवून न्याल तेव्हा ते गप्प आहेत म्हणून सुखात आहेत असं धरून चालू नका. गाडी थांबवा, उतरा आणि घटकाभर त्यांच्या जागी बसून पाहा.

सोमवारी उजाडलं. पिशव्या बांधलेल्या होत्या, दशम्यांचा डबा आत होता. आप्पा बसले, पण त्यांनी किल्ली फिरवली नाही. रुक्मिणीबाई कासोटा घालून आल्या, पाटीवर पाय ठेवून वर चढल्या आणि त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. केळीच्या बागेमागून सूर्य वर आला होता.

“महादेवले मी सांगी टाकं,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मौन घर परत येवावर धरसू. कंबर दुखनी तर बोलसू मी. चला.”

आप्पांनी किल्ली फिरवली. आम्ही हळूच वेशीबाहेर पडलो आणि खेतियाच्या रस्त्याला लागलो.