दोनशे बारावी ओळ

आमच्या देवळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं अक्षर चांगलं. अक्षर चांगलं असणं हा काही गुण नाही, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

देऊळ म्हणजे चर्च. आम्ही जुनी मराठी ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, दगडपाड्यात, संत बर्णबाचं देऊळ. आता समोर बावीस मजली टॉवर आहे आणि आमचा क्रूस त्याच्या पार्किंगच्या तिसऱ्या मजल्याला जेमतेम लागतो. देवदत्त साळवे आमच्या कमिटीचा सेक्रेटरी. चौथीत माझ्या वर्गात होता, आता पन्नाशीला आला, पण मला अजून तो देवाच. घरी येऊन म्हणाला, "बाई, सव्वाशे वर्षं होतायत ना, स्मरणिका काढतोय. इतिहास तुम्हीच लिहा. दुसऱ्या कोणाला माहितीये?"

खरंच दुसऱ्या कोणाला माहीत नाही. सगळ्यांना वाटतं, कुणा गोऱ्या साहेबाने मेमसाहेबाच्या आठवणीत बांधलं. साहेबाने फक्त कोनशिलेवर नाव घातलं. बांधलं ते खाणीतल्या दगडफोड्यांनी, दुष्काळात नगरकडून चालत आलेल्या माणसांनी. दिवसभर दुसऱ्यांसाठी दगड फोडायचा आणि संध्याकाळी एक एक डोक्यावर घेऊन यायचा. घंटा परवडत नव्हती म्हणून रुळाचा तुकडा टांगला होता. तो बडवला की चारी बाजूंच्या भातशेतांतून माणसं पाय धुऊन यायची. कापणीच्या सणाला वेदीपुढे भोपळे, वालाच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या असायच्या. आता स्टिकर लावलेली सफरचंदं असतात. असो, म्हातारीला कुरकुर करायला निमित्त लागत नाही.

हे सगळं मी भराभर लिहीत गेले आणि दफनाच्या वहीपाशी येऊन अडले.

त्याच सुमारास मागच्या रस्त्याचं काम निघालं. कब्रस्तानाची मागची भिंत आणि अलीकडच्या दोन रांगा जाणार होत्या. देवाने धावपळ करून पालिकेची परवानगी आणली. दफनाच्या वहीत ज्यांची नोंद आहे अशा एकोणचाळीस जणांच्या अस्थी प्रार्थना करून काढायच्या आणि पुढच्या अंगणात एका कबरीत ठेवायच्या. वहीवरून यादी करायची. मीटिंगमध्ये सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मी बिस्किट खाल्लं आणि घरी आले.

भिंतीच्या बाहेर माझी बहीण होती.

अबोली माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. अडुसष्ट साली तिचं लग्न एका बिजवराशी ठरवलं, तिच्या दुप्पट वयाच्या. ती तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली नाही, खाणीच्या पाण्यात सापडली. आमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात नियम होता, स्वतःचा जीव घेतला त्याच्यासाठी दफनाची प्रार्थना म्हणायची नाही. पंचांनी तिला भिंतीच्या आत जागा दिली नाही. आमचे वडील आप्पा देवळाचे कारभारी, ते पंचांपुढे एक शब्द बोलले नाहीत. पण तेव्हाचे पाळकसाहेब अंधार पडायच्या आत भिंतीबाहेर गेले, हळू आवाजात सगळी प्रार्थना म्हणाले आणि परत येऊन त्यांनी वहीत ओळ लिहिली. दोनशे बारा. अबोली, वय एकवीस. भिंतीबाहेर, चिंचेखाली. पुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बुडून'. एवढंच. भला माणूस.

पाच वर्षांनी ते पाळकसाहेब बदलून गेले आणि वहीला वाळवी लागली. नवी वही लिहून काढायला मला बसवलं. मी नुकतीच शाळेत लागले होते. खाडाखोड दिसली की मी मुलांचं पान फाडायची आणि सगळं पुन्हा लिहून काढायला लावायची. तेव्हाच माझं जमत आलं होतं, मुलाचे वडील नगरला पाळक. ते देऊळ बघायला येणार, वही चाळणार, आडनाव वाचून विचारणार, ही कोण? भिंतीबाहेर का?

दोनशे अकरा लिहिलं आणि पुढच्या माणसाला दोनशे बारा केलं. तिथून सगळ्यांचे आकडे एकेकाने मागे आले. मला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आयुष्यभर त्यांच्यावर ढकलता आलं असतं. आप्पांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली आणि माझ्या सहीसाठी मला पेन दिलं.

आमचं देऊळ जुन्या चालीचं. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या वर्षभर ठेवून जाळतात आणि ती राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. त्या वर्षी आप्पांनी झावळ्यांच्या जाळात जुनी वही टाकली. दुसऱ्या दिवशी नवे पाळकसाहेब माझ्या कपाळावर अंगठा टेकवून म्हणाले, तू माती आहेस आणि मातीला परत जाशील. मी घरी येऊन तोंड धुतलं. लग्न झालं, संसार झाला, नवरा चांगला निघाला. पण त्याला मी हे कधी सांगितलं नाही.

दुसरी मीटिंग झाली, तिथेही मी गप्प. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. पन्नास वर्षं मुरलेली लाज एका मीटिंगमध्ये बाहेर येत नाही. शेवटी एका गुरुवारी सकाळी पाळकांच्या खोलीत देवा लॅपटॉप घेऊन बसला होता, तिथे गेले.

"देवा, भिंतीबाहेर माझी बहीण आहे."

"बाहेर? बाहेर कोणीच नाहीये बाई. मी वही बघितली ना. दोनशे अकरा, दोनशे बारा, सगळं लाइनीत."

"वही मी लिहिलीय."

"तेच तर. अक्षर म्हणजे एकदम छापल्यासारखं."

मग मी सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यादी मंगळवारी गेली बाई. सह्या होऊन गेली. आता नाव वाढवायचं म्हणजे वही खोटी आहे असं लिहून द्यायला लागेल. मग बाकीच्या एकोणचाळीस जणांची पण वाट लागली."

"मी देते लिहून."

"तुम्ही आज बोलताय. वहीच्या खाली सही कोणाची आहे? तुमचीच ना?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "गेल्या मीटिंगला बोलला असतात तर काहीतरी केलं असतं हो. का नाही बोललात?"

मी टेबलाच्या कडेवर नख घासत उभी राहिले. वर्गात मुलं अशी उभी राहायची तेव्हा मी छडी आपटायची.

एकोणचाळीस जण शनिवारी पुढच्या अंगणात गेले. पाळकसाहेबांनी एकेकाचं नाव वाचलं, माझ्याच अक्षरातून. सोमवारी अकरा वाजता भिंतीबाहेर जेसीबी आला. चिंच केव्हाच तोडली होती, त्यामुळे नेमकी जागा मलाही सांगता येईना. मी हात वर करून उभी राहिले. चालवणाऱ्याने मशीन बंद केलं आणि विचारलं, "मावशी, काय राहिलंय का इथे?"

मी म्हटलं, "माझी बहीण."

त्याने टोपी काढली आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला. मला प्रार्थना तोंडपाठ आहे, पण अर्ध्यावर अडकले, पुढचं आठवेना. तो दहा मिनिटं थांबला. त्याला जास्त थांबता येत नव्हतं. मग नुसती माती निघाली, काळी, ओली. हाड नाही, काही नाही. ती ट्रकमध्ये भरली आणि कुठेतरी भरावाला गेली. मी घरी येऊन खूप रडले. अबोलीसाठी मी असं आधी कधी रडलेच नव्हते.

त्या आठवड्यात इतिहास पुरा केला. तिची अर्ध्या पानाची हकीकत लिहिली, माझ्या कृत्यासकट. सजवलं नाही, कारणं दिली नाहीत. देवाच्या हातात कागद ठेवताना म्हटलं, "हे काढायचं नाही हं."

"नाही बाई," तो म्हणाला.

स्मरणिका सणाच्या रविवारी मिळाली. देवाने दोन्ही हातांनी दिली आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर देवळाचा रंगीत फोटो. चौदावं पान रुळाच्या घंटेवर संपतं. पंधराव्याच्या सुरुवातीला माझ्याबद्दल मी न लिहिलेलं एक वाक्य आहे, '१९७३ साली कु. नलिनी यांनी जीर्ण वहीवरून सुवाच्य अक्षरात नवी वही तयार केली, ही मंडळीची मोठीच सेवा होय.'

पानांचे आकडे मी तीनदा तपासले. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. कुठे फट नाही, खाडाखोड नाही. चौथीत त्याला मीच शिकवलं होतं.