कचऱ्याच्या झाकणावरचं सील

नहरेला पाणी होतं आणि पाणचक्की ठप्प उभी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात, हे स्नेहलला बघवत नव्हतं.

कोहमारा गावापासून थोडं आत, उन्हाळी धानासाठी कालव्यात सोडलेलं पाणी लोखंडी चौकटीतून वाहून जात होतं. चौकटीत बसवलेली चक्की नुसत्या वाहत्या पाण्यावर वीज करणारी. तिला बांध नको, धबधबा नको. पाती विद्यापीठाने आखली, यंत्र पुण्याच्या एका कंपनीने घडवलं, आणि खऱ्या नहरेत, गढूळ पाण्यात ते किती वीज देतं हे मोजायचं काम स्नेहलचं. प्रयोगशाळेच्या हौदात ते किती देतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण हौदाच्या काठी बेशरमीची झुडपं उगवत नाहीत.

हंगामातली पाणी सोडायची ही शेवटची पाळी. यानंतर नहर कोरडी, आणि जूनमध्ये तिची फेलोशिप संपणार. या पाळीत मोजमाप झालं नाही, तर दोन वर्षांचं काम हौदातल्या आकड्यांवरच थांबणार होतं.

चक्की अडकली मंगळवारी. स्नेहलने पान्याचं एक टोक चौकटीला आणि दुसरं कानाला लावून ऐकलं. घरघर नव्हती, नुसता कंप होता. म्हणजे जनित्र ठीक होतं, दांड्याला काहीतरी गुंडाळलं गेलं होतं. असं होणार हे ठाऊक होतं, म्हणून तर बाजूला कचरा काढायचं झाकण ठेवलेलं. चार नट सोडवायचे, हात घालायचा, कचरा ओढायचा. अर्ध्या तासाचं काम.

त्या झाकणावर कंपनीचं सील होतं.

करारात फक्त जनित्राच्या पेटीला सील लावायचं ठरलं होतं, आतली रचना कोणी पाहू नये म्हणून. पण उद्घाटनाला आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे चकचकीत पट्ट्यांचं अख्खं बंडल होतं आणि समोर फोटो काढणारे होते. झाकण दिसलं की पट्टी, असा त्याने सपाटाच लावला. स्नेहलने तेव्हाच आपल्या मार्गदर्शक सरांच्या कानावर घातलं. पाहुण्यांसमोर नको, नंतर बघू, असं सर म्हणाले होते.

ते ‘नंतर’ आता आलं होतं. सरांनी तिला कंपनीकडे पाठवलं. कंपनीच्या अभियंत्याने तुमचं अगदी बरोबर आहे मॅडम, म्हणत कायदा विभागाचा नंबर दिला. कायदा विभागाच्या बाईंनी शांतपणे करार वाचून दाखवला: कोणतंही सील दोन्ही पक्षांच्या संयुक्त समितीच्या मंजुरीनेच काढता येईल, अन्यथा चाचणी रद्द. समितीचं विचारायला ती पुन्हा सरांकडे. एकाही माणसाने तिचं म्हणणं खोडलं नाही, याचाच तिला जास्त संताप येत होता. कोणी चूक म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

रोज फुलचूरच्या भाड्याच्या खोलीवरून येऊन ती काठावर बसायची आणि पाणी जाताना बघायची. शेजारच्या बांधीत दुर्पताबाईचं धान होतं. ती विळा घेऊन बांधावरून जाता जाता थांबली.

"काऊन वो पोरी, आजही उपासच का तुह्या चक्कीले?"

झाकण उघडायची परवानगी नाही, असं स्नेहलने सांगितलं.

"मंग झाकण कायले लावलं?"

"उघडता यावं म्हणून, मावशी."

दुर्पताबाईने झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लय शिकलेले दिसतात तुमचे लोकं," ती म्हणाली. "भाताच्या गंजाले कुलूप, अन् पंगत बसून राह्यली."

रविवारी दुपारी नहरेवर देखरेख करणारा भैय्यालाल पाटकरी मोटारसायकलवरून आला. "मॅडम, कल सुबह गेट गिरेगा." पाणी एक दिवस वाढवून मिळेल का, असं तिने विचारलं. धान पिकायला आलं, आता पाणी ठेवलं तर शेतकरी मलाच नहरेत टाकतील, म्हणाला. तेही बरोबरच होतं. या प्रकरणात सगळ्यांचंच बरोबर होतं.

तिने सरांना शेवटचा फोन लावला.

"तू तोडलंस तर विद्यापीठाने तोडलं असं होईल," सर म्हणाले. "पुढच्या कराराची बोलणी सुरू आहेत, स्नेहल. समिती गुरुवारी बसते आहे."

"गुरुवारी नहरेत गुरं चरत असतील, सर."

मग सर म्हणाले की ते मीटिंगमध्ये आहेत.

स्नेहलने सीलचा फोटो काढला. मग चक्कीचा ब्रेक ओढून पक्का अडकवला आणि बांधीच्या कडेला गवत कापणाऱ्या दुर्पताबाईला हाक मारली. "मावशी, विळा द्या जी जरा."

पट्टी एका फटक्यात निघाली. नट मात्र निघेनात. चौथ्याने तिच्या तळहाताची साल काढली. आत खांद्यापर्यंत हात घातला, तेव्हा बेशरमीच्या सालींचा पीळ लागला, त्यात मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉन आणि एका चपलेचा पट्टा. तो लगदा काठावर पडला आणि ब्रेक सोडताच चक्की फिरली. फाटलेल्या पट्टीचाही फोटो काढून तिने दोन्ही फोटो सरांना आणि कंपनीला पाठवून दिले. लपवाछपवी केलेली मोजणी तिला नको होती.

पहिला आकडा हौदातल्यापेक्षा पुष्कळ कमी आला. तिने मीटर तपासलं, पुन्हा मोजलं. तेवढाच. हेच तर शोधायला ती इथे आली होती.

पाच दिवसांत न आलेलं कंपनीचं उत्तर आता पाच मिनिटांत आलं. सील तुटल्यामुळे या पाळीतली कोणतीही नोंद प्रकल्पात ग्राह्य धरता येणार नाही. खाली सरांचंही नाव होतं.

"काय म्हणतात?" दुर्पताबाईने विचारलं.

"मोजलेलं धरायचं नाही म्हणतात."

"मंग घरी जा ना."

मीटरवरचा आकडा हळूहळू उतरू लागला होता. दांड्याभोवती नवा कचरा बसत होता, आणि किती वेळात किती वीज घटते हे अजून कोणीच मोजलेलं नव्हतं.

"पाणी सकाळपर्यंत आहे, मावशी," स्नेहल म्हणाली. फोन पिशवीत टाकून तिने घड्याळ लावलं आणि पाना जवळ ओढून ठेवला.